रिपोर्ट नॉर्मल असला तरी बाकीच्या गोळ्या बघा

स्तनाच्या कॅन्सरवर टॅमॉक्सिफेन ही गोळी देतात. 'सीवायपी२डी६ या एन्झाइमच्या जनुकाची टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे टॅमॉक्सिफेन लागू पडणारच' असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच बरोबर आहे. टॅमॉक्सिफेनपासून एन्डॉक्सिफेन हे जोरकस रूप यकृतात याच एन्झाइममुळे बनतं. पण जनुक ठणठणीत असलं तरी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरची औषधं) सुरू झालं की एन्झाइम दबतं आणि एन्डॉक्सिफेन कमी पडतं. जनुकाच्या रिपोर्टात हे दिसणारच नाही.

टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून वाफा निघतात (हॉट फ्लॅशेस), आणि नागपूरच्या मे महिन्यात ते असह्य होतं. मग दुसरेच डॉक्टर त्यावर पॅरोक्सेटिन लिहून देतात, घोळ तिथेच होतो. त्याच त्रासावर व्हेनलाफॅक्सिन त्यामानाने बरं, ते हे एन्झाइम फारसं दाबत नाही. सगळ्या स्ट्रिप्स कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवाच, ब्रँडखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचून. पॅरोक्सेटिन मात्र मनाने एकदम थांबवू नका, ते हळूहळूच उतरवावं लागतं.