समुद्राजवळ दुर्बिणीचा गंज आणि ओल: उपाय सुचवा

गच्चीवाला
रत्नागिरी, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. ८ इंची डॉब्सोनियन (लाकडी पायावर फिरणारी आरशाची दुर्बीण) आणि ईक्यू-५ माउंट (दुर्बीण बसवायचा धातूचा स्टँड) गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात. माउंटच्या बोल्टांवर गंज, डॉब्सोनियनच्या पायाच्या कडा फुगलेल्या, आरशावर पांढुरके ठिपके. ताडपत्री घट्ट गुंडाळलेली असते, तरी हे कसं?

ध्रुवमत्स्य
'तरी' नव्हे, ताडपत्रीमुळेच! दिवसा कोब्यातली ओल वाफ होऊन वर येते आणि रात्री पत्रा गार पडला की ताडपत्रीला आतून घाम सुटतो. आत जुनी सुती चादर, वरून स्कूटरचं कव्हर, खाली वीतभर मोकळं ठेवा. पावसाळ्यात मात्र दुर्बिणीची नळी आणि आयपीस (डोळ्याजवळची भिंगं) शेडमध्ये नकोतच, घरात आणा.

बोल्ट बदलताना नुसतं 'एसएस' (स्टेनलेस स्टील) म्हणू नका, बहुतेक ३०४ ग्रेडचं हातात पडतं. खाऱ्या हवेत त्यावरही चहासारखे डाग येतात. ३१६ मागा. आणि ॲल्युमिनियमच्या माउंटमध्ये स्टीलचा बोल्ट कोरडा पिळू नका. खाऱ्या ओलीत दोन धातू भिडले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आट्यांत पांढरी पूड धरते आणि बोल्ट कायमचा जाम. आट्यांना मरीन ग्रीस, डोक्याखाली नायलॉनचा वायसर. डब्ल्यूडी-४० अडकलेला बोल्ट सोडवण्यापुरतं. गियरवर मारलंत तर आतलं ग्रीस धुऊन निघेल.

तिरपी टॉर्च
आरशावर टॉर्च तिरपी मारा. फांद्या फुटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सुटे गोल ठिपके म्हणजे मीठ किंवा वाळलेलं दव. धुणं दोन्हींना सारखंच. आधी पाण्याची हलकी धार, म्हणजे धूळ आणि मीठ निघून जाईल. मग लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून दहा मिनिटं बुडवा. घासायचं नाही. ओला कापूस स्वतःच्या वजनाने ओढायचा, प्रत्येक फेरीला नवा बोळा. शेवटचं पाणी डिस्टिल्डच. बोअरचं वापरलंत तर क्षाराचे नवे ठिपके. बुरशीने आरशाचं कोटिंगच (वरचा चकचकीत थर) खाल्लं असेल तर डाग जाणार नाही, नवं कोटिंग करावं लागेल.

आयपीससाठी रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात २०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६०च्या वर राहिला की बुरशीला आमंत्रण. जेलचा रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास. कापूर, डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. (तांदळाच्या पुरचुंडीचा सल्लाही कोणी देईल. तांदूळ भातासाठी ठेवा.)

गच्चीवाला
निरीक्षण संपल्यावर घरात आणून झाकण लावतो, ते बरोबर ना? आणि नळीच्या कपाटात बल्ब चालेल?

ध्रुवमत्स्य
उलटं करा. झाकण गच्चीवरच लावा. गार आरसा उघडा आत आणलात तर घरातली दमट हवा त्यावरच दव धरते. दोन तास तसाच राहू दे, आरसा खोलीइतका कोमट झाला की झाकण काढून सुकवा. बल्ब चालेल, पण १५ वॉटचा जुना पिवळा. एलईडीला पुरेशी ऊब नसते. बल्ब कपाटात तळाशी, नळीपासून हातभर लांब, आणि वर हवा जायला भोकं.

तिरपी टॉर्च
पायाचं राहिलं. ते पार्टिकल बोर्ड आहे, फुगलं की परत बसत नाही. १८ मिमी मरीन प्लाय (आयएस ७१० छाप बघून) कापून घ्या. कापलेल्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांत आतूनसुद्धा पीयूचे (पॉलियुरेथेन व्हार्निशचे) तीन हात द्या; पाणी शिरतं ते तिथूनच. टेफ्लॉनच्या पट्ट्या जुन्याच लावा, त्यांना काही होत नाही.