फुटबॉलच्या फ्रेंडलीत (मैत्रीपूर्ण सामन्यात) बदली खेळाडू किती, हे आधी ठरवा
"जुना कर्णधार प्रशिक्षक होऊन परत आलाय, फ्रेंडलीच तर आहे, कितीही पोरं उतरवू" असं कुणी म्हणत असेल तर ते निम्मंच बरोबर आहे. बदलांचा आकडा दोन्ही संघांनी ठरवून सामन्याआधी रेफरीच्या कानावर घालावा लागतो. नाहीतर फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम ३ प्रमाणे प्रत्येक संघाला ६च बदल मिळतात. मध्यंतराला अख्खे अकरा बदलायला गेलं की घोळ होतो तो इथेच. नांदेड-लातूरकडे जूनमध्ये पाऊस लांबला तर कूलिंग ब्रेकचंही (उन्हाच्या तडाख्यात अंग थंड करायला घेतलेली विश्रांती) आधीच बोलून घ्या, दीड ते तीन मिनिटं. काळ्या मातीचं मैदान तेव्हा भेगाळून दगडासारखं झालेलं असतं. लांब स्टडचे (तळाला लांब खुंट्या असलेले) बूट नकोच, घोटा मुरगळतो.

आणि एका निकालावरून नव्या प्रशिक्षकाला जोखू नका, ही कळकळीची विनंती. चेल्सी या इंग्लिश क्लबचा जुना खेळाडू लॅम्पार्ड तिथेच प्रशिक्षक म्हणून परतला तेव्हा त्याच्या संघाने जुलै २०१९ मध्ये जपानच्या सैतामात फ्रेंडलीत बार्सिलोनाला २-१ हरवलं, प्रीमियर लीगच्या पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेडकडून ४-० मार खाल्ला, तरी मोसम चौथ्या क्रमांकावर संपवला. त्यापेक्षा साठाव्या मिनिटानंतर बचावफळी आणि मधल्या फळीत किती अंतर पडतं ते बघा.