ग्रेनाडा: नाताळच्या सुट्टीत समुद्र, किल्ले आणि डायव्हिंग, माहिती हवी आहे

प्राजक्ता_न्यूजर्सी

मंडळी, नाताळच्या सुट्टीत कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाला जायचं ठरलंय. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून थेट विमान मिळालं, ग्रँड आन्स बीचजवळ स्वयंपाकघर असलेलं घरही घेतलं. आम्ही चौघं: नवरा, मी, सोळा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलाने मे महिन्यात तारकर्लीला डायव्हिंगचा सुरुवातीच्या पातळीचा 'ओपन वॉटर' कोर्स केला. तेव्हापासून 'बियांका सी' नावाच्या बुडालेल्या जहाजाचे व्हिडिओ दाखवून डोकं खातोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत, आणि "नुसती वाळू किती बघायची?" हे त्यांनी आधीच ऐकवलंय. इतिहास म्हटलं की मात्र एका पायावर तयार. गाडी भाड्याने घ्यावी का? मुलाला अंडी घालायला किनाऱ्यावर येणारी कासवंही बघायची आहेत.

शैला_मावशी

माझी लेक तिथल्या राजधानीत, सेंट जॉर्जेसच्या मेडिकल कॉलेजात होती, त्या निमित्ताने तिथे माझा बराच मुक्काम झाला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कासवं विसरा. लेदरबॅक कासवं उत्तरेला लेव्हेराच्या किनाऱ्यावर येतात, पण साधारण मार्च ते ऑगस्ट. ग्रँड आन्स सुंदर आहेच, घरासमोरच आहे, त्याबद्दल काय सांगायचं. एकच, किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं लागलेलं झाड दिसलं तर हात लावू नका आणि पाऊस आला तरी त्याच्या आडोशाला जाऊ नका. मँचिनील म्हणतात. चीक विषारी, अंगावर फोड येतात.

सासूबाईंना आधी फोर्ट फ्रेडरिकला न्या. वरपर्यंत गाडी जाते आणि तिथल्या तोफांची तोंडं समुद्राकडे नाहीत, बेटाच्या आत वळलेली आहेत! 1779 साली इंग्रज बंदराकडे तोफा रोखून बसले होते आणि फ्रेंच आले मागच्या डोंगरावरून, जमिनीच्या बाजूने. बेट हातात आल्यावर फ्रेंचांनी धडा घेतला: आपल्यावर तीच वेळ नको म्हणून टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला. 1783 च्या तहात बेट परत इंग्रजांकडे गेलं आणि त्यांनी तो 1791 साली पुरा केला. आपल्याकडचे गड बघितलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते.

खालचा फोर्ट जॉर्ज मात्र मनावर ओझं ठेवतो. 19 ऑक्टोबर 1983 ला पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांच्याच पक्षातल्या विरोधी गटाच्या सैनिकांनी तिथल्या अंगणात भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. मृतदेह आजतागायत मिळालेले नाहीत. सहा दिवसांनी अमेरिकन फौजा उतरल्या. तुम्ही ज्या विमानतळावर उतराल त्याला आता बिशप यांचंच नाव आहे, आणि ती धावपट्टी क्युबाच्या मदतीने बांधली जातेय हेच तेव्हा अमेरिकेला खुपत होतं. तिथल्या लोकांशी यावर बोलताना सबुरीने घ्या. एकाच घरात दोन मतं असतात.

एक दिवस उत्तरेसाठी ठेवाच. जाताना ग्वाव्हला जायफळाचं केंद्र लागतं. लाकडी ट्रेंवर जायफळं वाळत असतात, जायपत्री वेगळी. पाण्यात टाकून बुडणारी आणि तरंगणारी निवडतात, भरीव जायफळ खाली जातं. 2004 च्या आयव्हन वादळाने बहुतेक झाडं मोडली होती, नवी लावली तरी फळ धरायला वर्षं लागतात. या देशाच्या झेंड्यावरही जायफळ आहे! पुढे बेलमाँट इस्टेट. तिथे कोको वाळवताना बिया उलट्यापालट्या करण्यासाठी बायका त्यातून पाय घासत चालतात, तुम्हालाही चालू देतात. हा मळा 1944 साली भारतीय वंशाच्या एका जोडप्याने विकत घेतला. भारतातून मजुरांचं पहिलं जहाज ग्रेनाडात आलं ते 1 मे 1857 ला, कलकत्त्याहून. परत येताना जुन्या पर्ल्स विमानतळावर थांबा, 1983 पासून पडलेली रशियन बनावटीची विमानं गवतात तशीच गंजताहेत.

गाडी: डाव्या बाजूने चालवायची, पण रस्ते अरुंद आणि प्रत्येक वळणावर हॉर्न. उत्तरेसाठी ड्रायव्हरसकट टॅक्सी ठरवा. सेंट जॉर्जेसला जायला एक नंबरच्या मार्गाची व्हॅन पुरते, उतरायचं झालं की पत्र्यावर टकटक करायची. भाडं ठरवताना कुठले डॉलर ते आधी विचारा, अमेरिकन एकाला तिथले 2.70.

जेवणाची चिंता नको. छोले-बटाट्याची रोटी सगळीकडे मिळते. ऑइल डाउन हा त्यांचा मानाचा पदार्थ, ब्रेडफ्रूट, हळद, नारळाचं दूध, पण त्यात खारवलेलं मांस असतं.

आणि मुलाची लष्करी छापाची चड्डी घरीच ठेव. तिथे तसे कपडे घालणं बेकायदा आहे.

खोल_पाणी

मावशींनी डायव्हिंग सोडलं, ते मी घेतो.

बियांका सी नाही. ओपन वॉटर कार्डाची मर्यादा 18 मीटर. हे सुमारे 180 मीटर लांबीचं जहाज जवळजवळ 50 मीटरवर बसलंय, वरचा भागही तीस मीटरच्या आसपास, शिवाय प्रवाह. एखादा डायव्हिंगचा दुकानदार "चल, बघू" म्हणाला तर त्या दुकानातून बाहेर पडा.

मुलासाठी व्हेरोनिका एल. छोटं मालवाहू जहाज, पंधरा मीटरच्या आसपास, ग्रँड आन्सपासून बोटीने जवळ. प्रवाळांनी मढलेलं आहे, नीट बघितलं तर समुद्रघोडाही सापडतो. मॉलिनेअर उपसागरातलं पाण्याखालचं शिल्पोद्यान (2006) तर मास्क-स्नॉर्कल लावूनही दिसतं. हात धरून उभ्या 26 मुलांचं कडं आहे, चेहरे स्थानिक मुलांचे साचे घेऊन केलेले. आता त्यांच्यावर स्पंज वाढलेत. पाऊस पडून गेला की नदीचा गढूळ लोंढा येतो, म्हणून बोट आधीच्या दिवशी हवा बघून ठरवा.

बियांका सी ची गोष्ट मुलाला सेंट जॉर्जेसच्या कॅरनाज बंदरावर सांगा. 22 ऑक्टोबर 1961 ला जहाज बंदराबाहेर पेटलं आणि गावकऱ्यांनी मिळेल त्या होडीतून सुमारे सातशे माणसं काढली. त्यांना घरात ठेवून घेतलं. जहाजाच्या कंपनीने कृतज्ञता म्हणून दिलेला हात पसरलेल्या येशूचा पुतळा तिथे आहे.

शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत किमान 18 तास ठेवा.

प्राजक्ता_न्यूजर्सी

दोघांचेही मनापासून आभार! चिरंजीव दोन तास रुसले, मग व्हेरोनिकाचे व्हिडिओ सुरू. सासूबाईंना तोफांपेक्षा जायफळात जास्त रस आलाय, "श्रीखंडापुरतं तरी आणू" म्हणताहेत. अमेरिकेत आणू देतात का?

शैला_मावशी

वाळवलेलं, पाकीटबंद आण आणि कस्टम्सला सांग. मी कायम आणते. ताजं फळ मात्र घेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतील. जायफळाच्या गराचा जॅम मिळतो, तो चेक-इनच्या बॅगेत टाक.