प्रति: ॲपला घड्याळ सापडत नाही

स्मार्ट घड्याळ फोनवरच्या त्याच्या ॲपमध्ये दिसत नसेल तर ते थेट रीसेट करावे, असा सल्ला या चर्चेत आधी कुणी दिला आहे; तो मला घाईचा वाटतो. रीसेटमध्ये घड्याळात साठलेली आणि ॲपपर्यंत न पोहोचलेली नोंद पुसली जाते. यावल तालुक्यात राहणाऱ्या माझ्या वडिलांचे घड्याळ जोडताना हाच अनुभव आला, आणि दोनदा रीसेट केल्यावर लक्षात आले की दोष घड्याळाचा नव्हताच. त्यांचा फोन अँड्रॉइड १० चा आहे, आणि अँड्रॉइड ६ ते ११ या आवृत्त्यांत ब्लूटूथवरून जवळची साधने शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते आणि फोनचे लोकेशनही सुरू असावे लागते; केळीच्या बागेत दिवसभर बॅटरी पुरावी म्हणून वडिलांनी मात्र लोकेशन कायमचे बंद ठेवले होते. ते सुरू करताच घड्याळ यादीत आले. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून यासाठी ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आहे, त्यामुळे नव्या फोनवर तीच आधी तपासावी.

जोडणी झाल्यावरही सूचना अधूनमधून थांबत असतील, तर त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळावे.