बॅड रिलिजनचा 'सफर' (Suffer) हा मेलोडिक पंकचा पाया की नुसता साचा?

ढणढण्या:
माझ्या मते मेलोडिक पंकमधला, म्हणजे वेगवान पण गुणगुणता येणाऱ्या पंक रॉकमधला, सगळ्यात महत्त्वाचा अल्बम म्हणजे बॅड रिलिजन या अमेरिकन बँडचा 'सफर' (१९८८). लॉस एंजेलिसचं हार्डकोर, म्हणजे पंकचा जास्त वेगवान, आरडाओरड्याचा प्रकार, तोवर दमलं होतं. कोणाचा बँड फुटला, कोणी मेटलकडे वळलं. १९८३ मध्ये खुद्द बॅड रिलिजननेच कीबोर्डांनी भरलेला 'इन्टू द अननोन' काढून चाहत्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मग 'सफर' आला. १५ गाणी, जेमतेम २६ मिनिटं. वेग हार्डकोरचाच, पण मागे एकावर एक चढवलेले आवाज 'ऊ-आ' करतात आणि गायक ग्रेग ग्रॅफिन बोंबलत नाही, चाल धरून गातो. कव्हरवर टुमदार घरांच्या गल्लीत पेटलेला पोरगा! 'डू व्हॉट यू वाँट' मिनिटभरात संपतं आणि दिवसभर डोक्यात वाजत राहतं.

साधी_कॉर्ड:
ओ, थांबा. डिसेंडेंट्स या पंक बँडचा 'मायलो गोज टू कॉलेज' १९८२ चा आहे. तोही १५ गाण्यांचा, २२ मिनिटांत खलास. पहिलंच 'मायेज' लावा: टोनी लोंबार्डोचा बेस चाल पकडतो, गिटार मागून येते. आणि गायक मायलो ऑकरमन खरंच बायोलॉजी शिकायला निघून गेला, ते नाव उगाच नाही. इंग्लंडातला पंक बँड बझकॉक्स तर त्याच्याही आधीचा. 'सफर'ने फार तर वरचा मजला चढवला.

ढणढण्या:
असं मागे जायचं तर सुरुवातीच्या पंक बँडपाशी, रामोन्सपाशीच थांबावं लागेल, मग चर्चाच मिटली. 'मायलो' मलाही आवडतो. पण तो त्या चौघांचा होता, दुसऱ्या कोणाला तसं जमलं नाही. 'सफर' ऐकून पोरांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. नोएफएक्स, पेनीवाइज हे नंतरचे बँड ऐका, लगेच कळेल.

रिमोटराव:
अहो, हेच तर दुखणं आहे! जमलं म्हणून सगळ्यांनी तेच केलं. नव्वदीतला एपिटाफ या रेकॉर्ड लेबलचा कुठलाही अल्बम लावा, तोच धावता ड्रम, तेच 'ऊ-आ'. ते लेबलही बॅड रिलिजनच्याच गिटारिस्टचं, ब्रेट गुरेविट्झचं. १९९४ मध्ये ऑफस्प्रिंग या बँडचा 'स्मॅश' तिथूनच लाखोंनी खपला, त्यात धंदा झाला, पंकचं काय झालं? आणि बॅड रिलिजनचंच घ्यायचं तर १९८९ चा 'नो कंट्रोल' जास्त घट्ट आहे.

साधी_कॉर्ड:
रिमोटराव, नकला करणाऱ्यांचं खापर 'सफर'वर कशाला फोडता? ग्रॅफिनसारखे शब्द लिहिता येईनात, म्हणून लोकांनी नुसते ड्रम उचलले. बाकी ढणढण्या, 'मायलो' १९८२ चा, म्हणजे 'सफर'च्या आधीचा, ते आहेच. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.