'स्वयंसंघटन' लिहू की 'स्वयंरचना'?

खानापूरकर: दहावीच्या मुलांसाठी पेशीतल्या तंतूंवर लेख लिहितोय. प्रकाश टाकून सूक्ष्मनलिकांची मांडणी हवी तिथे घडवणारा कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठातला २०१९ चा प्रयोग त्यात घ्यायचाय. 'सेल्फ-ऑर्गनायझेशन'ला कोणता शब्द लिहू?

शहापूरकर: स्वयंसंघटन. रूढ आहे, तेच ठेवा.

निपाणीकर: सर, तिथे नेमकं काय घडतं ते आधी बघू. सूक्ष्मनलिका म्हणजे ट्युब्युलिन प्रथिनाची पोकळ नळी, जाडी २५ नॅनोमीटर. तिच्यावरून कायनेसिन हे प्रथिन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चत ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकत जातं. सुटं असलं तर नुसतं चालत जातं. दोन कायनेसिनं एकमेकांना जोडली आणि दोघांनी वेगवेगळ्या नळ्या धरल्या, की नळ्या ओढल्या जातात, त्यांची एकाच प्रकारची टोकं मध्यभागी गोळा होतात आणि ताऱ्यासारखी मांडणी, म्हणजे 'तारा', तयार होतो. कायमच्या जोडलेल्या कायनेसिनने असे तारे १९९७ मध्येच दाखवले होते, तेही प्रकाशाच्या मदतीशिवाय. २०१९ मध्ये ही जोडणीच निळ्या प्रकाशावर अवलंबून ठेवली. त्यासाठीचं प्रकाशसंवेदी प्रथिन मूळचं ओटच्या रोपातलं! उजेडाच्या वर्तुळापुरत्या जोड्या जमतात, तारा तिथेच उभा राहतो. दिवा बंद केला की जोड्या सुटतात.

म्हणजे प्रकाश नळ्या हलवत नाही. 'संघटन' म्हटलं की मराठी कानाला कुणीतरी संघटक अभिप्रेत असतो, आपल्या सीमाभागात तर जास्तच. इथे तसा कुणी नाही. म्हणून मला 'स्वयंरचना' पटतो. 'प्रकाशाने बांधलेली रचना' मात्र कृपया लिहू नका, मुलांचा समज तिथेच चुकेल.

शहापूरकर: हे पटलं. पण 'तंतू'ऐवजी 'धागा' सोपा नाही का?

निपाणीकर: तुमच्याकडे मागावरचा धागा बोटाला गुंडाळता येतो. सूक्ष्मनलिका तिच्या जाडीच्या मानाने फार ताठ असते. शिवाय 'तंतु' कन्नडमध्येही आहे, कन्नड शाळेतल्या मुलांनाही परका वाटणार नाही.

खानापूरकर: मग असं लिहितो: 'कायनेसिनच्या जोड्या कुठे आणि केव्हा जमतील ते निळा प्रकाश ठरवतो, तारा नळ्या आणि कायनेसिन मिळून रचतात.' शीर्षक 'प्रकाशनियंत्रित स्वयंरचना'. चालेल?

निपाणीकर: चालेल. फक्त 'तारा'ऐवजी 'तारका' करा. पेशी विभागताना असाच आकार दिसतो, तो धडा शिकवताना हाच शब्द पुन्हा वापरता येईल.