मदत हवी आहे : सांगली 'पश्चिम' महाराष्ट्रात, मग 'पूर्व' गोलार्धात कशी?

पेवातली हळद

लेक यंदा सहावीत. भूगोलात वृत्तांचा धडा आलाय आणि आमच्या घरात तीन दिवस तेच चाललंय. मी कॉमर्सवाली, दिवसभर हळदीच्या अडत दुकानात पट्ट्या लिहिते. माझा भूगोल 'पाठ करा, पुढं चला' या पद्धतीनं झाला, ते आता फेडतेय.

बाजारातून एक छोटा पृथ्वीगोल आणला. घरी येऊन बघते तर दोन वाट्या जिथं जोडल्यात तिथं, म्हणजे नेमकं विषुववृत्तावर, छपाई सरकलेली. आफ्रिकेचा वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा पुढं गेलाय. असो. लेकीचे प्रश्न असे :

अक्षवृत्तं आडवी, पूर्व-पश्चिम जाणारी. मग ती उत्तर-दक्षिण कशी काय मोजतात? उलटं नको का?

अक्षांश ९० ला संपतात आणि रेखांश १८० पर्यंत जातात, असा दुजाभाव का?

आणि तिसरा, ज्यानं मी गारद झाले : आपण दक्षिण महाराष्ट्रातले, पश्चिम महाराष्ट्रातले. मग पुस्तक आपल्याला उत्तर आणि पूर्व गोलार्धात का टाकतं?

संत्र्याचा प्रयोग करून झालाय. फोडींच्या कडा म्हणजे रेखावृत्तं, इथवर पटलं. आडव्या चकत्या करायला गेले तर रस ओट्यावर आणि चकत्या तिच्या पोटात. कुणीतरी सोपं करून सांगा.

चारभिंती

ताई, साताऱ्याहून नमस्कार. आधी दोन शब्द वेगळे करा. अक्षवृत्त ही गोलावर काढलेली रेघ. अक्षांश हा कोन. तसंच रेखावृत्त आणि रेखांश. आपण बोलताना 'अक्षांशाची रेघ' म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

तुमचा दुसरा प्रश्न त्यातच सुटतो. लेकीला सांगा, पृथ्वीच्या पोटात मधोमध बसलीयस असं समज. समोर विषुववृत्त, तिथं शून्य. आता मान हळूहळू उत्तर ध्रुवाकडे वर उचल. नजर सरळ डोक्यावर गेली की ९०. त्याच्या पुढं नेली तर पलीकडच्या बाजूनं खालीच उतरणार. म्हणून पाव वर्तुळात काम संपतं.

रेखांशाला मात्र मान वर न्यायची नाही, गिरकी घ्यायची. लंडनच्या ग्रीनिचकडे तोंड करून सुरुवात, मग अर्धी गिरकी पूर्वेकडे, अर्धी पश्चिमेकडे. दोन्ही पॅसिफिक महासागरात १८० वर भेटतात. त्यामुळे त्या रेखावृत्तापुढं पू. किंवा प. लिहीत नाहीत, परीक्षेत हे हमखास विचारतात. वाररेषा साधारण तिथूनच जाते, पण एकाच देशात दोन वार होऊ नयेत म्हणून तिला मध्ये मध्ये वळणं दिलीत.

आयर्विनकाठ

पहिल्या प्रश्नाला पृथ्वीगोल कशाला पाहिजे? सांगलीकर ना तुम्ही? पोरीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी न्या. पाणी मोजायच्या खुणा दाखवा. खुणा आडव्या असतात की उभ्या? आडव्या. आणि मोजतात काय? पाणी किती वर चढलं ते. ४० फुटांची खूण म्हणजे इशारा, ४५ ची म्हणजे धोका. ४० च्या आडव्या रेघेवर कुठंही बोट ठेवा, उंची ४०च.

अक्षवृत्ताचं तेच. १७° च्या रेघेवरून जगभर फिरा, विषुववृत्तापासूनचं अंतर बदलत नाही. रेघ आडवी असते म्हणूनच उभं मोजता येतं. रेखावृत्तं उभी, ती आडवं मोजतात.

पावसाळ्यात नेणार असाल तर पूल बघून लगेच परत या.

पेवातली हळद

आयर्विनकाठ, दंडवत! २०१९ च्या महापुरात पुलावरच्या आकड्यांवर दिवस काढलेलं पोर आहे ती, एका मिनिटात समजलं. पण लगेच पुढचं : "मग पुलावरचा शून्य कुणी ठरवला? आणि पृथ्वीवरचा?"

माणदेशी मेंढका

पोरगी हुशार आहे, तिच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिनंच काढलंय.

पश्चिम महाराष्ट्र म्हणताना आपण महाराष्ट्रापुरतं बोलतो. गोलार्ध ठरवताना दोन ठरावीक शून्य रेघा धरायच्या. विषुववृत्ताच्या उत्तरेला ते सगळं उत्तर गोलार्ध, मग सांगली असो की श्रीनगर. बार्शीचा पाहुणा सांगलीला 'पश्चिमेकडं' म्हणतो आणि रत्नागिरीचा 'घाटावर, पूर्वेला', तसंच हे.

मात्र दोन शून्यांत फरक आहे. विषुववृत्त कुणी ठरवलेलं नाही. पृथ्वी फिरते, तिला दोन ध्रुव आहेत, त्यांच्या बरोबर मधली रेघ म्हणजे विषुववृत्त. उभ्या रेघांत असं काहीच नाही, सगळी रेखावृत्तं सारख्याच लांबीची. त्यामुळे शून्य कुठं धरायचा हे माणसांनी बसून ठरवलं. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचच्या बाजूनं मतं पडली. फ्रान्सनं मतच दिलं नाही आणि १९११ पर्यंत आपलं पॅरिस धरून बसला.

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषगणितात मध्यरेषा उज्जैनवरून धरायचे. उज्जैन आजच्या हिशेबानं साधारण ७५° ४६' पू., सांगली ७४° ३४' पू. म्हणजे तो शून्य चालू राहिला असता तर सांगली खरंच पश्चिम गोलार्धात गेली असती! उत्तर गोलार्ध मात्र कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

चारभिंती

मेंढका, हे भारी. ताई, आता नकाशा घेऊन एक करा. सांगली साधारण १६° ५१' उ. त्याच्या जवळपास सरळ खाली, बरोबर एक अंशावर बेळगाव. एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, हवेतून. एसटीनं जाल तर रस्ता वळसे घेतो, त्यामुळे किलोमीटर जास्त पडतात.

आमचा सातारा आणि सोलापूर मात्र जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, १७° ४०' च्या आसपास. सोलापूर सुमारे दोन अंश पूर्वेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून तिथं सूर्य सात-आठ मिनिटं आधी उगवतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२° ३०' वर लावलेलं. त्यामुळेच तुमच्याकडे सूर्य माथ्याजवळ येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास.

आत्ता जूनच्या शेवटी ऊन पडलंच तर गच्चीवर काठी रोवा. दुपारची सर्वांत आखूड सावली दक्षिणेला पडेल, कारण सूर्य सध्या सांगलीच्याही उत्तरेला आहे. डिसेंबरात तीच सावली उत्तरेला. आणि ७ मे, ५ ऑगस्टच्या आसपास सावली पायाखाली गायब. सूर्य कर्कवृत्ताच्या पुढं उत्तरेला जातच नाही, म्हणून त्याच्या वर, दिल्लीला, हे कधीच दिसत नाही.

पेवातली हळद

सगळ्यांचे आभार. काठी रोवली, ऊन दहा मिनिटं मिळालं, सावली दक्षिणेला होती. होकायंत्र मोबाईलमधलं, तरी लेकीचा विश्वास बसला. दारावर खडूनं '१६° ५१' उ., ७४° ३४' पू.' लिहून झालंय, सासूबाई विचारतायत हा कसला मंत्र.

आता नवीन : "बरोबर उत्तर ध्रुवावर उभी राहिले तर मी कुठल्या रेखांशावर?" कुणीतरी लवकर सांगा, ताट वाढून ठेवलंय.

आयर्विनकाठ

सगळ्यांवर. कुठल्याही बाजूला पाऊल टाकलं तरी दक्षिणच. बसवा जेवायला.